क्लोस्टेरियम: ही हिरवी चंद्रकोर नेमकी कुणाच्या घरची, आणि राहते कुठल्या पाण्यात?

थेंबभर (धागालेखक)

तीन आठवड्यांपूर्वी एका तळ्याच्या काठावरून बरणीभर पाणी आणलं होतं. तळाशी बोटभर गाळ, वर दोन-चार पाणवनस्पतींचे तुकडे, आणि बरणी खिडकीत. परवा बघतो तर उजेडाकडच्या काचेवर आतून हिरवी धूळ बसलेली, पलीकडची काच मात्र स्वच्छ. ड्रॉपरच्या टोकानं थोडी खरवडून काचपट्टीवर घेतली. समोर हिरव्या चंद्रकोरीच चंद्रकोरी!

एकेक पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब. दोन्ही टोकं निमुळती, मधोमध फिकट पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना गडद हिरवं. कोरीची आतली बाजू मध्यभागी जराशी फुगलेली, पोट सुटल्यासारखी. आणि दोन्ही टोकांशी एकेक इवलीशी पारदर्शक खोली, तिच्यात आठ-दहा कण सारखे थरथरताहेत. पेशी मेली की थांबतील म्हणून अर्धा तास बघत बसलो. थांबले नाहीत.

शोधाशोध करून नाव काढलं, क्लोस्टेरियम. आता दोन प्रश्न. एक, ही प्रजाती (म्हणजे जीनस, जिच्याखाली अनेक जाती येतात) नक्की कुठल्या वर्गात टाकायची? एका ठिकाणी 'क्लोरोफायसी' वाचलं, दुसरीकडे 'कॅरोफायटा', तिसरीकडे 'जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे नातेवाईक'. तिन्ही कसं खरं असेल? दोन, डेस्मिड (क्लोस्टेरियम ज्यात मोडते तो बहुतेक एकपेशी हिरव्या शैवालांचा गट) सापडले म्हणजे पाणी स्वच्छ, असं सगळीकडे लिहिलंय. माझं तळं काही स्वच्छ नाही हो. वास येतो.

काचपट्टी

फोटो कुठाय? तूर्त रुमाल टाकून ठेवतो.

थेंबभर

फोनची लेन्स आयपीसवर धरून काढले, सगळ्यात हिरवे डाग आलेत. वर्णनावरच भागवून घ्या.

जुनी_वही

वर्णन छान आहे, फोटोची गरज नाही. थरथरणारे कण म्हटल्यावर शंका उरत नाही, क्लोस्टेरियमच.

पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: आम्ही शिकलो तेव्हा फ्रिट्श यांचं वर्गीकरण होतं, १९३५ सालचं. त्यात शैवालांचे ११ वर्ग. हरितशैवालं सगळी क्लोरोफायसीत, आणि त्यांच्यातली ज्यांना कशाभिका (पोहायला लागणारे चाबकासारखे धागे) कधीच येत नाहीत आणि जी संयुग्मनानं (दोन पेशी शेजारी येऊन त्यांचं जीवद्रव्य एक होऊन) प्रजनन करतात ती 'कॉन्जुगेलीज' या गणात. स्पायरोगायरा आणि डेस्मिड तिथे एकाच घरात. तेव्हा तुमचं पहिलं वाचन चुकीचं नाही, जुनं आहे.

नावाचीही गंमत आहे. ग्रीकमध्ये 'क्लोस्टर' म्हणजे सूत कातायची चाती. मधे जाड, दोन्हीकडे निमुळती. क्लोस्टेरियम म्हणजे छोटी चाती. क्लोस्ट्रिडियम या जिवाणूचं नावही त्याच शब्दावरून आलंय, म्हणून घरच्यांना नाव सांगताना जपून. धनुर्वाताचे जंतू बरणीत पाळलेत असं वाटायचं.

थेंबभर

उशीर झाला सांगायला. बरणी बाल्कनीत गेली आहे.

अर्धपेशी

वर्गीकरणाबद्दल मी लिहितो. माझं थोडं काम याच गोतावळ्यावर झालंय.

आजची मांडणी अशी: हिरव्या वंशाच्या दोन मोठ्या शाखा. एक क्लोरोफायटा. तिच्यात क्लॅमिडोमोनास, क्लोरेला, व्हॉल्व्हॉक्स, समुद्रातलं उल्व्हा. दुसरी स्ट्रेप्टोफायटा. तिच्यात कॅरा, कोलिओकीटी, स्पायरोगायरा, सगळे डेस्मिड, आणि शेवाळी-नेच्यांपासून वडापर्यंत जमिनीवरची झाडून सगळी झाडं. या दुसऱ्या शाखेतल्या शैवालांना एकत्रितपणे कॅरोफायटा म्हणतात. क्लोस्टेरियमचा पत्ता मग असा होतो: झिग्नेमॅटोफायसी वर्ग, डेस्मिडिएलीज गण, क्लोस्टेरिएसी कुल. या कुलात प्रजाती मोजक्याच. क्लोस्टेरियम, आणि टोकांना काटा असलेली तिची बहीण स्पायनोक्लोस्टेरियम.

म्हणजे धागालेखकाचं दुसरं आणि तिसरं वाचन एकमेकांच्या विरोधात नाहीच. जनुकसमूहांच्या मोठ्या तुलना झाल्या तेव्हा जमिनीवरच्या वनस्पतींना सर्वांत जवळचा शैवालवर्ग म्हणून झिग्नेमॅटोफायसीच पुढे आला. बऱ्याच जणांना हे पटायला वेळ लागला. कॅरा दिसायला किती झाडासारखा, खोड, पेरं, फांद्यांची वलयं. सगळ्यांची पैज कॅरावर होती. २००१च्या सुमाराचे निष्कर्षही त्याच बाजूचे होते. जास्त जनुकं हाताशी आल्यावर चित्र उलटलं.

खडूस

नावं बदलतात, पेशी तीच राहते. क्लोरोफायसी म्हणा नाहीतर झिग्नेमॅटोफायसी, काचपट्टीवर काय फरक पडतो? दर दहा वर्षांनी वर्गीकरणवाल्यांना काहीतरी हलवल्याशिवाय चैन पडत नाही.

अर्धपेशी

@खडूस, फरक पडतो, आणि तोही पेशीतच दिसतो. तीन गोष्टी सांगतो.

एक, कशाभिका. क्लोरोफायटातल्या बहुतेकांच्या आयुष्यात कधी ना कधी पोहणारी अवस्था येते. क्लोस्टेरियमच्या पूर्ण जीवनचक्रात एकही पेशी पोहत नाही. संयुग्मनात दोन पेशी शेजारी येतात, भित्तिका उघडतात आणि आतला जीवद्रव्याचा गोळाच सरकून दुसऱ्याशी मिळतो.

दोन, भित्तिका. सेल्युलोजचे धागे विणणारे प्रथिनांचे गट पेशीपटलात सहा पाकळ्यांच्या फुलासारखे मांडलेले असतात. जमिनीवरच्या झाडांत हेच. १९८०मध्ये मायक्रास्टेरियास या डेस्मिडमध्ये अशी फुलं षट्कोनी जाळीत रचलेली दिसली होती. क्लोरोफायटात विणकामाची मांडणी वेगळी असते.

तीन, पेशीविभाजनाच्या वेळचं सूक्ष्मनलिकांचं वागणं. १९६९ साली स्पायरोगायरात जे दिसलं ते उच्च वनस्पतींच्या फ्रॅग्मोप्लास्टची (विभागणाऱ्या पेशीत नवी भित्तिका उभारणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या सांगाड्याची) आठवण करून देणारं होतं. तेव्हापासूनच लोक कुजबुजत होते की हे प्राणी, सॉरी, ही शैवालं चुकीच्या घरात राहताहेत.

२०२२मध्ये याच वर्गाची पाच गणांत नवी मांडणी सुचवली गेली: स्पायरोग्लिएलीज, सेरिटेनिएलीज, स्पायरोगायरेलीज, झिग्नेमॅटेलीज आणि डेस्मिडिएलीज. क्लोस्टेरियम त्यातही डेस्मिडिएलीजमध्येच राहिलं. खडूसराव, हे एक तरी हललेलं नाही.

जुनी_वही

'हे प्राणी' ही जीभ घसरण नवी नाही बरं का. एरेनबर्ग यांनी १८३८च्या त्यांच्या ग्रंथात क्लोस्टेरियमला सरळ सूक्ष्मप्राण्यांतच घातलं होतं. त्याआधी अठराव्या शतकात म्युलर यांनी याच चंद्रकोरीला 'व्हिब्रिओ लुन्युला' म्हटलं होतं. सरकते, टोकाशी काहीतरी हलतं, मग प्राणीच की!

प्रजातीच्या नावापुढे 'निट्श एक्स राल्फ्स' असं दिसेल. निट्श यांनी नाव आधी दिलं, पण डेस्मिडांच्या नामकरणाची अधिकृत सुरुवात जॉन राल्फ्स यांच्या १८४८च्या ब्रिटिश डेस्मिडांवरच्या ग्रंथापासून धरतात. त्यामुळे त्याआधीचं कुणाचंही नाव राल्फ्स यांच्या दारातून आत यावं लागतं.

काचपट्टी

रुमाल टाकल्याचं चीज झालं. एक बाळबोध प्रश्न: डेस्मिड म्हणजे कंबर असलेली पेशी ना? कॉस्मेरियमला कशी मधोमध खाच असते. कोरीला कंबर कुठाय?

अर्धपेशी

बाळबोध नाही, मोक्याचा प्रश्न आहे. क्लोस्टेरियमला बाहेरून खाच नसते, पण पेशी दोन अर्धांचीच असते. मधल्या फिकट पट्ट्यात केंद्रक, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हरितलवक. भित्तिकेवर मध्यभागी बारीक आडवी रेघ दिसली तर ती दोन अर्धांची शिवण.

दोन अर्धांचं वयही वेगळं असतं. पेशी मध्ये विभागते तेव्हा प्रत्येक लेकीला एक जुना अर्धा भाग मिळतो, दुसरा तिला नव्यानं वाढवावा लागतो. विभाजनानंतर लगेच पाहिलंत तर एक बाजू लांब निमुळती आणि दुसरी आखूड, बोथट. अर्धवट बोट आल्यासारखी. केंद्रकाचा तर प्रवासच होतो. विभाजनानंतर ते नव्या पडद्यालगत असतं. वाट्याला आलेलं हरितलवक मधोमध दुभंगू लागतं आणि केंद्रक त्याच्या कडेनं सरकत त्या फटीत जाऊन बसतं. ती फट म्हणजे नव्या पेशीचा मध्य.

पाणचक्की

एक सावधगिरीची सूचना. कोर दिसली की क्लोस्टेरियम म्हणायची घाई नको. सेलेनास्ट्रम, मोनोराफिडियम, अँकिस्ट्रोडेस्मस यांच्या पेशीही वाकलेल्या किंवा सुईसारख्या. ती सगळी खरीखुरी क्लोरोफायसीतली. सेलेनास्ट्रमचं तर नावच चंद्रावरून. क्लोस्टेरिऑप्सिस नावाची एक आहे, 'क्लोस्टेरियमसारखी दिसणारी', ती क्लोरेलाच्या नात्यातली. म्हणजे या कोरींपेक्षा क्लोस्टेरियमला तुमच्या कुंडीतलं झाड जवळचं.

मी ओळखताना तीन गोष्टी बघतो: मध्ये केंद्रकाची फिकट जागा, दोन स्वतंत्र हरितलवकं, टोकांच्या खोल्यांत नाचणारे कण. तिन्ही असतील तरच होकार. वरच्या नकली कोरी बहुधा फार लहानही असतात.

खडूस

बरं, वर्गीकरण मान्य. दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोलणार का? 'डेस्मिड म्हणजे स्वच्छ पाणी' हे वाक्य मला फार वर्षं खुपतंय. पाण्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. पामर यांची १९६९ची यादी आम्ही वापरतो, सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या २० शैवाल-प्रजातींची. प्रत्येकीला गुण. युग्लीना आणि ऑसिलेटोरियाला ५, क्लॅमिडोमोनास आणि सीनेडेस्मसला ४, असं करत. नमुन्यातल्या प्रजातींची बेरीज २० किंवा जास्त झाली तर प्रदूषण भारी समजायचं. आणि त्या यादीत क्लोस्टेरियम आहे! गुण १ का होईना, पण आहे. आता सांगा, स्वच्छ की घाण?

जुनी_वही

दोन्ही. आणि हे उत्तर टाळणं नाही.

डेस्मिड हा एकूण गोतावळा आम्ल, मऊ, पोषकद्रव्यं कमी असलेल्या पाण्यात सर्वांत बहरतो. पीटच्या दलदली, स्फॅग्नम मॉसचे गालिचे, डोंगरातली तळी. मॉस मुठीत पिळला की जे तपकिरी पाणी निथळतं त्यात एका थेंबात जेवढ्या जाती मिळतात तेवढ्या मोठ्या तलावात दिवसभर फिरून मिळत नाहीत. एक कारण असं मानतात की बऱ्याच डेस्मिडांना कार्बन मुक्त कार्बन डायऑक्साइडच्या रूपातच लागतो, बायकार्बोनेटवर त्यांचं भागत नाही. आम्ल पाण्यात मुक्त वायू असतो, अल्कधर्मी पाण्यात तो बायकार्बोनेटमध्ये अडकतो. 'स्वच्छ पाणी' ही समजूत तिथून आली.

पण क्लोस्टेरियम ही शंभराहून जास्त जातींची प्रजाती आहे, आणि तिच्यातल्या काही या शिस्तीबाहेरच्या. क्लोस्टेरियम स्ट्रायोलेटम, डायॅनी, लुन्युला या आम्ल पाण्याच्या. स्ट्रायोलेटमची भित्तिका तर लोहामुळे तपकिरी झालेली असते. उलट मोनिलिफेरम, असेरोसम, लायब्लाइनी या जाती पोषकद्रव्यांनी भरलेल्या, किंचित अल्कधर्मी डबक्यांत मजेत राहतात. ॲसिक्युलेर ही लांबलचक सुई तर सुपोषित तलावांत तरंगत असते. बाकीच्या बहुतेक जाती तळाशी, गाळावर, पाणवनस्पतींच्या पानांवर. तरंगणाऱ्या थोड्याच.

प्रजातीच्या पातळीवर पाण्याचा निकाल लावायला गेलं की असाच घोळ होतो.

खडूस

हे पटलं. पामर यांच्या यादीबद्दलची माझीही जुनी तक्रार हीच. मोजायला सोपं म्हणून प्रजातीवर थांबतात. कामाच्या रेट्यात जातीपर्यंत जायला वेळ कुणाला?

अर्धपेशी

जातीपर्यंत गेलं की डेस्मिडांचा पाण्याच्या परीक्षेसाठी चांगला उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये पीटर कोसेल यांनी नेमकी अशी पद्धत बसवली: नमुन्यात डेस्मिडांच्या जाती किती, त्यातल्या दुर्मीळ किती, आणि मुरलेल्या, न ढवळलेल्या परिसंस्थेतच टिकणाऱ्या किती. तिन्हींवरून त्या जागेचं संवर्धनमूल्य ठरवायचं. तिथे 'डेस्मिड आहे की नाही' याला काहीच वजन नाही, 'कुठले, किती' याला आहे.

'जात' या शब्दाबद्दलही जरा जपून. क्लोस्टेरियम एरेनबर्गी या एका नावाखाली दिसायला सारखे पण एकमेकांशी संकर न करणारे अनेक प्रजननगट आहेत. एका जातिसंकुलाचं नाव तर पेरासेरोसम-स्ट्रायगोसम-लिटोराले असं तीन नावं जोडून करावं लागलंय, कारण रेघ कुठे मारायची ते भित्तिकेवरून कळत नाही. या संकुलावर जपानमध्ये बारीक काम झालंय. नायट्रोजन संपला आणि उजेड असला की 'धन' आणि 'ऋण' पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. धन पेशीनं सोडलेल्या एका प्रथिनामुळे ऋण पेशी आपली भित्तिका सोडून जीवद्रव्य बाहेर काढते, मग मिलन. तयार होणारा जाड भित्तिकेचा युग्मबीजाणू कोरडं पडणं सोसतो. हंगामी डबकी आटली तरी क्लोस्टेरियम पुढच्या पावसाला हजर असतं ते त्याच्या जोरावर.

काचपट्टी

सगळे मोठमोठं बोलताय, पण ते नाचणारे कण काय आहेत हे अजून कुणी सांगितलं नाही. मी त्यासाठीच थांबलोय.

पाणचक्की

बेरियम सल्फेटचे स्फटिक. आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, समजत होते. नंतर तपासणीत बेरियम निघालं. थरथर ही ब्राउनीय गती, पाण्याच्या रेणूंचे धक्के. त्यात जीव नाही, म्हणून पेशी मेली तरी लगेच थांबत नाही. धागालेखकाचा अर्धा तास फुकट गेला नाही, त्यांनी एक प्रयोगच केला.

पाण्यात बेरियम अत्यल्प असतं, तरी ही पेशी ते गोळा करते. २०११मध्ये मोनिलिफेरमवरच्या एका अभ्यासानं याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. बेरियमबरोबर ती स्ट्रॉन्शियमही स्फटिकात अडकवते, पण कॅल्शियम सोडून देते. अणुकचऱ्यातलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० वेगळं करताना अडचण हीच असते की स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम रासायनिक वागणुकीत जुळे भाऊ, आणि कॅल्शियम प्रमाणानं कितीतरी जास्त. युक्ती त्या टोकाच्या खोलीत आहे. तिथे सल्फेट भरपूर. बेरियम सल्फेट जवळपास अविद्राव्य, ते लगेच खाली बसतं आणि स्ट्रॉन्शियमला सोबत ओढतं. कॅल्शियम सल्फेट त्यामानानं बरंच विरघळतं, म्हणून ते सुटतं. निवड आत घेताना होत नाही, खोलीत होते.

मात्र पाण्यात थोडं बेरियम असावं लागतं, नाहीतर सापळाच बसत नाही. आणि प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रापासून अणुकचऱ्याच्या टाकीपर्यंतचं अंतर लांबचं आहे, त्यामुळे 'शेवाळ किरणोत्सार गिळतं' असले मथळे दिसले तर पुढे जा.

खडूस

बरणीच्या एकाच बाजूला ती का जमली, हे राहिलं.

जुनी_वही

उजेडाकडे सरकली. कशाभिका नाहीत, पण टोकाशी भित्तिकेला बारीक छिद्रं असतात, त्यांतून चिकट श्लेष्म बाहेर टाकून पेशी घसरते. एक टोक टेकवते, दुसरं उचलून झुलवते. कधीकधी तर कोलांटी घेतल्यासारखं टोक बदलते. वेग इतका कमी की डोळ्यांना जाणवत नाही, संध्याकाळी बरणी फिरवून ठेवा आणि थोड्या दिवसांनी बघा.

आणि थेंबभर, तुमची जात काढूया. पोट सुटलेली आतली बाजू म्हटलंत, तेव्हा मोनिलिफेरम किंवा एरेनबर्गी. कव्हरस्लिपच्या एका कडेला आयोडीनचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ओढून घ्या. हरितलवकातल्या पायरेनॉइड नावाच्या प्रथिनगोळ्यांभोवतीचं पिष्ट काळंनिळं होईल. ठिपके एका ओळीत, माळेसारखे आले तर मोनिलिफेरम. नावाचा अर्थच तो, माळ धारण करणारी. अस्ताव्यस्त विखुरलेले आले तर एरेनबर्गी.

थेंबभर

बरणी बाल्कनीतून परत आणली. (तह झाला: झाकण घट्ट, आणि नाव घ्यायचं नाही.)

आयोडीन ओढलं. पहिल्या काचपट्टीवर जास्त झालं, सगळंच काळं. दुसऱ्यावर जमलं. ठिपके ओळीत आले, अगदी सरळ, मधल्या पट्ट्यापासून टोकापर्यंत.

आणि अर्धपेशी, ती अर्धवट बोट आल्यासारखी पेशीही सापडली! एक बाजू निमुळती, दुसरी आखूड आणि बोथट. काल मी तिला तुटकी समजून पुढे सरकवली होती.

जुनी_वही

मोनिलिफेरम. तळ्याच्या वासाशी जुळतं. फोटो येत नसेल तर चित्र काढा, पेन्सिलनं, दोन्ही बाजूंचे मणी मोजून.

थेंबभर

काढलं. पूर्ण वाढलेलीचं. डावीकडे सहा, उजवीकडे पाच. चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजले. पाचच.